हंगेरीची युद्धस्मृतिपदकं आणि त्यांचे कागद

भिंगवाला:

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचा होता. नोकरीच्या निमित्ताने साडेतीन वर्षं बुडापेस्टला राहिलो आणि तिथे हंगेरीची युद्धस्मृतिपदकं जमवायला लागलो. आज माझ्याकडे फार पदकं नाहीत. पण जी आहेत त्यातल्या बऱ्याच पदकांबरोबर मूळ कागद आहे, आणि त्या कागदांविषयीच मला जास्त लिहायचं आहे.

आधी पदकाबद्दल. मुख्य पदक म्हणजे 'मॉद्यॉर हाबोरूश एमलेकेरेम', हंगेरियन युद्धस्मृतिपदक. राजप्रतिनिधी मिक्लोश होर्तीने २६ मे १९२९ रोजी ते सुरू केलं, पहिल्या महायुद्धात लढलेल्यांसाठी. म्हणजे युद्ध संपल्यावर तब्बल साडेदहा वर्षांनी! उशीर का झाला? कारण ज्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यासाठी ही माणसं लढली ते साम्राज्यच १९१८ च्या शेवटी मोडलं. पाठोपाठ क्रांती, प्रतिक्रांती, आणि ४ जून १९२० चा त्रियानोंचा तह. त्यात हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला. लढून परत आलेल्या शिपायाचं गाव एका रात्रीत रुमानियात, चेकोस्लोव्हाकियात नाही तर युगोस्लाव्हियात जाऊन बसलं. अशा वेळी पदक द्यायचं कोणी आणि कोणाला?

पदक चंदेरी रंगाचं, साधारण ३७ मिलिमीटर व्यासाचं. पुढच्या बाजूला मुकुटधारी हंगेरियन ढाल, तिच्यामागे एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी, खाली पानांची माळ. भिंगातून बघितलं तर ढालीच्या एका अर्ध्यात आडवे पट्टे दिसतात आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन टेकड्यांवर उभा दुहेरी क्रूस. वर संत इश्तवानचा मुकुट. खऱ्या मुकुटावरचा क्रूस वाकडा आहे, आणि चांगल्या ठशाच्या पदकावर एवढ्याशा जागेतही तो वाकडाच कोरलेला दिसतो. तो कल दिसला की मला फार बरं वाटतं. मागच्या बाजूला पोलादी शिरस्त्राण, १९१४-१९१८ ही सालं आणि 'प्रो देओ एत पात्रिया' हे लॅटिन शब्द, म्हणजे देवासाठी आणि देशासाठी. हा प्रकार प्रत्यक्ष आघाडीवर लढलेल्यांचा. न लढलेल्यांच्या पदकावर तलवारी नाहीत, शिरस्त्राणही नाही.

आता मुद्दा. या पदकावर कोणाचंही नाव नसतं. कडेवर नाही, मागे नाही, कुठेच नाही. हजारो पदकं एकसारखी. माणूस असतो तो फक्त कागदावर.

एका शनिवारी सकाळी एचेरीच्या जुन्या बाजारात (शहराच्या दक्षिण टोकाला भरतो, लवकर गेलात तरच काही हाती लागतं) एका विक्रेत्याकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. आत पाच-सहा पदकं, बटणं, एक तुटकी कंबरपट्ट्याची बक्कल आणि तळाशी घडी घातलेले दोन कागद. मी पदक उचललं. त्याने तळातला एक कागद ओढला आणि पदक त्यात गुंडाळायला लागला. मी त्याचा हात धरला. तो कागद त्याच पदकाचा होता. कागदाला मध्ये गंजाचं गोल भोक होतं, पदकाची टाचणी कित्येक वर्षं त्यातून टोचलेली होती, आणि ते भोक टाचणीशी तंतोतंत जुळत होतं.

कागद छापील. मोकळ्या जागी टंकयंत्राने नाव, हुद्दा 'तिझेदेश' (आपला नाईक म्हणा), आणि 'कार्दोक्काल एश शिशाक्काल', म्हणजे तलवारी आणि शिरस्त्राणासह. खाली 'पे. हा.' अशी छापील अक्षरं, म्हणजे 'पेचेत हेये', शिक्क्याची जागा. पण कारकुनाने शिक्का त्या अक्षरांवर न मारता बोटभर बाजूला मारलाय, जरा तिरका. दुसरा कागद म्हणजे लष्करी टपालाचं पोस्टकार्ड, त्यावर ४६ व्या पायदळ रेजिमेंटचा शिक्का. ४६ वी म्हणजे सेगेद शहराची पलटण. इटलीच्या सीमेवर दोबेर्दोच्या खडकाळ पठारावर ही पलटण अक्षरशः गळून गेली. त्या नाईकाचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्याच्या घरचे कोणी आज असतील. पण मला ते पाठ आहे.

प्रश्न विचारा, माहिती असेल तर भर घाला.

अबोली:

सुंदर लिहिलंय. वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: राजप्रतिनिधी म्हणजे काय? राजा कुठे होता?

भिंगवाला:

अबोली, बाळबोध अजिबात नाही. १९२० पासून हंगेरी नावाने राज्य होतं, पण गादीवर राजा नव्हता. शेवटचा राजा चौथा कारोय (ऑस्ट्रियात सम्राट पहिला कार्ल) याने १९२१ साली दोनदा परतायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा फसला, आणि १९२२ मध्ये मदेइरा बेटावर वारला. होर्ती १९२० पासून ऑक्टोबर १९४४ पर्यंत राजप्रतिनिधी होता. तो पूर्वी साम्राज्याच्या नौदलात ॲडमिरल होता, आणि त्रियानोंनंतरच्या हंगेरीला समुद्रच उरला नव्हता. पदक कोणाच्या नावाने दिलं गेलं हे कागदाच्या मथळ्यावर पहिल्याच ओळीत कळतं, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

दर्यावर्दी:

माझ्याकडे याच्याशी जवळचं एक पदक आहे, व्हिएन्नाला घेतलेलं. राखाडी क्रूस, मागे 'व्हिताम एत सांग्विनेम' लिहिलंय. हलकं आहे, वर पांढरट पूड धरते. हे तेच का?

भिंगवाला:

नाही, पण तेवढंच महत्त्वाचं. ते कार्लचा पलटण-क्रूस, हंगेरियनमध्ये 'कारोय चापातकेरेस्त'. सम्राट कार्लने १३ डिसेंबर १९१६ ला सुरू केलेला. किमान बारा आठवडे लढाऊ तुकडीत राहून प्रत्यक्ष लढाईत भाग घेतलेल्यांना मिळायचा, अधिकारी असो वा शिपाई, सगळ्यांना एकच. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी तांबं तोफांना लागत होतं म्हणून तो जस्ताचा. पांढरी पूड ही जस्ताची. मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात वाढेल. लिंबू, चिंच, भांड्याची पावडर, काहीही लावू नका. मऊ ब्रशने हलकेच झटका, सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट डब्यात ठेवा. पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात तर मुळीच नको, धातूलाही वाईट आणि कागदालाही.

'व्हिताम एत सांग्विनेम' म्हणजे प्राण आणि रक्त. १७४१ मध्ये पोझोन्य (आजचं ब्रातिस्लाव्हा) इथे हंगेरीच्या सरदारांनी मारिया तेरेसाला दिलेलं हे वचन. पुढच्या बाजूला लॅटिनमध्येच 'कृतज्ञ राजा आणि देश' असं आहे. ज्या सैन्यात जर्मन, हंगेरियन, चेक, पोलिश, क्रोएशियन, रुमानियन, युक्रेनियन अशा कितीतरी भाषा बोलल्या जात, तिथे एका भाषेत लिहिलं तर बाकीचे रुसणार. म्हणून लॅटिन, जी कोणाच्याच घरची नाही.

मुळामुठा:

उत्तम धागा. मी जर्मन पदकपट्ट्या बघत असतो, त्यामुळे थोडी भर. १९२९ ते १९३४ या काळात युद्धात एका बाजूने लढलेले देश एकापाठोपाठ स्मृतिपदकं काढत गेले: हंगेरी १९२९, ऑस्ट्रिया १९३२, बल्गेरिया १९३३, जर्मनी १९३४ (हिंडेनबुर्गचा सन्मान-क्रूस). आणि एकमेकांच्या सैनिकांनाही अर्जावर ती मिळत. त्यामुळे म्युनिकच्या एखाद्या माजी सैनिकाच्या छातीवर ओळीने चार देशांची पदकं दिसतात. यात फितीचीही एक खूण आहे. हंगेरियन आणि ऑस्ट्रियन माणूस फीत त्रिकोणी घडीत लावतो. जर्मन माणूस तेच पदक सरळ उभ्या फितीवर टांगतो. त्रिकोणी फीत उलगडून सरळ केलेलं पदक विकायला आलं तर घडीच्या जुन्या रेषा शोधा.

भिंगवाला:

+१. अगदी महत्त्वाचं. आणि जर्मन माणसाकडच्या हंगेरियन पदकाला बऱ्याचदा दोन कागद असतात, एक बुडापेस्टहून आलेला आणि एक जर्मन सरकारची परदेशी पदक घालायची परवानगी. दोन्ही एकत्र राहिलेले क्वचितच मिळतात.

सांगलीकर:

एक शंका. धातूचं पदक टिकाऊ. कागद आज आहे उद्या वाळवी. मग संग्राहकाने कागदाला एवढं डोक्यावर का घ्यायचं? नाव नसलं म्हणून पदक खोटं थोडंच होतं? आमच्याकडे पणजोबांचा एक बिल्ला आहे, लढाईवर गेले होते त्याचा. त्याला कागद नाही. पण तो आम्हाला प्राणापेक्षा प्रिय आहे.

भिंगवाला:

सांगलीकर, तुमचा प्रश्न मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या घरातला बिल्ला तुमच्या घरात आहे. पणजोबांचा आहे हे आजोबांनी वडिलांना सांगितलं, वडिलांनी तुम्हाला. म्हणजे त्याचा कागद तुम्हीच आहात. पण उद्या तो बाजारात गेला तर? हंगेरियन पदकांचं नेमकं हेच झालं. दुसरं महायुद्ध, १९४४-४५ चा बुडापेस्टचा वेढा, मग साम्यवादी राजवट. होर्तीच्या काळातलं पदक घरात दिसणं त्या वर्षांत शहाणपणाचं नव्हतं. लोकांनी पुरलं, लपवलं, विकलं. पदकावर नाव नसल्याने ते निभावलं. कागदावर नाव होतं, म्हणून कागद आधी चुलीत गेला. आज पदक सहज मिळतं, स्वस्त मिळतं. कागद मिळत नाही.

आणि तुमचा बिल्ला पहिल्या महायुद्धातला असेल तर एक गोष्ट आजच करा. इंग्रजांची पद्धत हंगेरीच्या उलट होती. ब्रिटिश युद्धपदक आणि व्हिक्टरी पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. हिंदी शिपायांच्याही. भिंग घ्या, पदक उन्हात तिरपं धरा आणि कड वाचा.

सांगलीकर:

कडेवर काहीतरी आहे खरं. पण दर दसऱ्याला शस्त्रपूजेला काढून घासायची आमच्याकडे पद्धत आहे. आजी राखेने घासायची, आता आई पावडरीने. अक्षरं पुसट झालीत. बघून सांगतो.

भिंगवाला:

घासणं आज थांबवा, कृपया. पूजेला नुसतं पुसून ठेवा. जी अक्षरं उरलीत तेवढाच तुमचा कागद आहे.

अबोली:

तुम्ही कागदावर अजून काय काय वाचता? मला हंगेरियन येत नाही पण उत्सुकता वाटतेय.

भिंगवाला:

हंगेरियन न येताही बरंच वाचता येतं. आडनाव आधी, मग नाव, आपल्या शाळेच्या पटावर असायचं तसं. तारीख उलटी, वर्ष-महिना-दिवस. 'म. किर.' म्हणजे 'मॉद्यॉर किरायी', हंगेरियन शाही. नावाआधी 'वितेझ' असेल तर तो माणूस १९२० मध्ये स्थापन झालेल्या वितेझ संघाचा सदस्य, शौर्यासाठी निवडलेला. असा कागद हाती आला तर त्याच माणसाची शौर्यपदकंही कुठेतरी असणार हे धरून चाला. विवाहित बाईच्या बाबतीत नवऱ्याच्या नावाला 'ने' जोडतात. विधवेने कुटुंबासाठी काही अर्ज केला असेल तर तिचं स्वतःचं नाव कुठेच दिसत नाही आणि शोध अडतो.

आणि एक फार आवडती गोष्ट. हंगेरीच्या सरकारी कागदांवर ओळख पटवायला 'आन्या नेवे' विचारतात, म्हणजे आईचं नाव, तेही माहेरचं. एकाच गावात एकाच नावाची चार माणसं असली तरी आई वेगळी असते. जुन्या लष्करी कागदात आईचं नाव सापडलं की गावच्या चर्चच्या नोंदवहीपर्यंत पोचता येतं.

अबोली:

हे वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आईचं नाव २०२४ च्या निर्णयाने आलं. तिथे इतक्या आधीपासून!

दर्यावर्दी:

नकली कागद कसे ओळखता? कोऱ्या छापील फॉर्मवर आज कोणी नाव टंकलं तर?

भिंगवाला:

तेच सगळ्यात जास्त होतं. मीही फसलोय. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून (नाव घेत नाही) पदक आणि कागदाची जोडी घेतली. कागद छान जुना, शिक्का छान गोल, आणि नाव एका मोठ्या अधिकाऱ्याचं. तिथेच शंका यायला हवी होती. घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला तर कागद निळाभोर चमकला. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती चकाकी देणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात आली. १९३० च्या दशकातला खरा कागद त्या दिव्याखाली पिवळट, मंद दिसतो.

पण कागद जुना आणि अक्षरं नवी असतील तर दिवा काही सांगणार नाही. मग घडी बघा. टंकलेलं अक्षर घडीच्या रेषेवर असेल तर शाई घडीबरोबर तुटलेली हवी, झिजलेल्या धाग्यांत शिरलेली नको. शाईची सही असेल तर ती मागच्या बाजूला किंचित उमटलेली दिसते. शिक्का आणि सही एकमेकांवर आले असतील तर कोण वर, कोण खाली ते बघा. कार्यालयात साधारण सही आधी, शिक्का नंतर. आणि गंज. टाचणीचा, पदकाचा, पिनेचा. खरा गंज कागद खात आत जातो. रंगवलेला वरच बसतो.

माझ्या त्या कागदावर सगळंच बरोबर होतं, फक्त दिव्याने सांगितलं. तो मी फेकला नाही. वेगळ्या पाकिटात ठेवलाय आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'बनावट' लिहिलंय, म्हणजे माझ्यानंतर कोणी फसणार नाही.

मुळामुठा:

एक प्रश्न मनापासून विचारतो. १९३८ ते १९४१ ची पदकंही तुम्ही जमवता का? फेल्विदेक, एर्देय, देल्विदेक. मला ती घ्यावीशी वाटतात आणि वाटतही नाहीत.

भिंगवाला:

जमवतो, आणि तुमची घालमेल मला कळते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हिएन्नाच्या पहिल्या लवादाने हंगेरीला स्लोव्हाकियाच्या दक्षिणेचा पट्टा (फेल्विदेक) परत मिळाला, ऑगस्ट १९४० मध्ये दुसऱ्या लवादाने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया (हंगेरियनमध्ये एर्देय), आणि एप्रिल १९४१ मध्ये युगोस्लाव्हियावरच्या हल्ल्यात दक्षिणेचा भाग (देल्विदेक). तिन्ही वेळी भाग घेतलेल्या सैनिकांना स्मृतिपदक मिळालं. पदकांवरची माणसं विचारपूर्वक निवडलेली: फेल्विदेकवर हाब्सबुर्गांविरुद्धच्या उठावाचा नेता फेरेंत्स राकोत्सी, ट्रान्सिल्व्हेनियावर राजा मात्याश, दक्षिणेवर मात्याशचा बाप, तुर्कांशी लढलेला सेनापती यानोश हुन्यादी. राकोत्सीच्या अस्थी १९०६ मध्ये तुर्कस्तानातून आणून कॉशॉ (आजचं स्लोव्हाकियातलं कोशित्से) शहरात पुरल्या होत्या. त्रियानोंनंतर कॉशॉ हंगेरीबाहेर गेलं आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये परत आलं. मात्याश जन्मला कोलोझवारला, आजच्या क्लुझला. १९४० साली सामान्य हंगेरियन माणसाला त्या चेहऱ्यात काय दिसलं असेल हे मी समजू शकतो.

पण हा मुलूख हिटलर आणि मुसोलिनीच्या मर्जीने परत आला आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. माझ्याकडे १९२९ च्या पदकाचा एक कागद आहे. त्यावरचं नाव आणि सोबतची पत्रं यावरून तो एका ज्यू व्यापाऱ्याचा. आघाडीवर लढलेला, तलवारी-शिरस्त्राणवाला. १९३९ च्या ज्यूविरोधी कायद्यात शौर्याची मोठी पदकं मिळवलेल्यांना सूट होती. स्मृतिपदकाला नव्हती. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत चार लाखांहून अधिक ज्यूंना हंगेरीतून हद्दपार केलं, बहुतेकांना ऑशविट्झला. त्या माणसाने 'देवासाठी आणि देशासाठी' लिहिलेलं पदक आणि कागद जपून का ठेवला असेल, कोणाला दाखवला असेल, मी रोज विचार करतो. ट्रान्सिल्व्हेनियाचं पदक मी त्याच्या शेजारच्या कप्प्यात ठेवलंय. दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय एकही बघायचं नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

मुळामुठा:

धन्यवाद. पटलं.

अबोली:

सेगेदला गेलात का कधी? त्या नाईकाच्या गावी?

भिंगवाला:

गेलो. तिथल्या संग्रहालयात एका झाडाचं खोड आहे, 'दोबेर्दोचं झाड'. लढाईत सगळं जंगल जळालं, तोफगोळ्यांनी चिरफळलेलं हे एकच खोड उभं राहिलं, आणि ४६ व्या पलटणीने १९१६ मध्ये माघार घेताना ते उपटून गावी आणलं. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. खिशात तो कागद होता, प्लॅस्टिकच्या जाड पाकिटात. न्यायला नको होता, ऊन आणि घामाने कागद खराब होतो. पण न्यावासा वाटला.

सांगलीकर:

कड वाचली. चार दिवस लागले. मुलाने मोबाइलवर फोटो मोठा करून अक्षर-अक्षर लावलं. नंबरातले तीनच आकडे उरलेत. पुढे 'सिपॉय' स्पष्ट आहे. नाव पणजोबांचंच, पण इंग्रजाने भलतंच लिहिलंय, मोठ्याने वाचल्यावर आईला कळलं. आणि शेवटी '११०' आणि 'महरा' एवढं.

भिंगवाला:

सांगलीकर! ११० वी मराठा पलटण. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. कूतच्या वेढ्यात ती अडकली होती आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. तुर्क हे हंगेरीचे दोस्त होते, म्हणजे तुमचे पणजोबा आणि माझा सेगेदचा नाईक एकाच युद्धात समोरासमोरच्या बाजूंना होते. पणजोबा त्या वेढ्यातच होते की नंतर भरती झाले, हे पदकावरून सांगता येणार नाही. त्यासाठी कागद लागेल. घरात जुनी पत्र्याची ट्रंक आहे का? सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनचा कागद, काहीही?

सांगलीकर:

ट्रंक आहे. आईने काल काढली. तळाला वर्तमानपत्राखाली एक घडी घातलेला कागद आहे, इंग्रजी छापलेला. चार तुकडे झालेत, उलगडायला गेलो तर अजून फाटतोय. चिकटपट्टी लावू का?

भिंगवाला:

नका. चिकटपट्टी अजिबात नको, लॅमिनेशन त्याहून नको. आहे त्या घडीत दोन स्वच्छ पांढऱ्या सुती कापडांत ठेवा, वर हलकं पुस्तक, आणि दोन-तीन दिवस हात लावू नका. पावसाची हवा असेल तर घडी आपोआप थोडी सैल होते. मग सुक्या बोटांनी, एका वेळी एक घडी. तुकडे काचेखाली जोडून मांडा आणि दिवा बाजूने धरून फोटो काढा, वरून नाही, म्हणजे शाई उडाली असली तरी दाबाच्या खुणा दिसतील. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या बाजूला हातानं लिहिलेलं असतं बऱ्याचदा.